नेट बंद करून उघडून पाहा

ब्राउझरमध्ये पान उघडं असताना कंट्रोल आणि एस ही बटणं दाबली की ते पान कॉम्प्युटरवर उतरतं, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. डाउनलोड्समध्ये मग दोन गोष्टी दिसतात: पानाच्या नावाची एक एचटीएमएल फाइल आणि त्याच नावाला ‘फाइल्स’ असं शेपूट लावलेलं एक फोल्डर. घोळ होतो तो इथेच. फाइल तेवढी पेन ड्राइव्हवर घेतली जाते किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली जाते आणि फोल्डर मागे राहतं. पलीकडच्याने ती उघडली की चित्रं गायब, रकाने विस्कटलेले, सगळा मजकूर डाव्या कडेला एकाखाली एक. पाठवणारा मात्र छातीठोकपणे सांगतो, ‘माझ्याकडे तर नीट दिसतंय!’

त्याच्याकडे नीट दिसतं, कारण फोल्डर त्याच्याकडे असतं. कधी कधी तर फोल्डर नसूनही दिसतं, कारण कॉम्प्युटर नेटला जोडलेला असतो आणि राहिलेली चित्रं ब्राउझर मूळ साइटवरून गुपचूप आणत असतो. पान जतन झालंय असं आपण समजतो आणि प्रत्यक्षात ते अजून परक्याच्याच जिवावर उभं असतं. म्हणून या क्षेत्रातली माझ्या मते सगळ्यात उपयोगी सवय अगदी साधी आहे. पान किंवा साइट उतरवून झाली की वायफाय बंद करायचं आणि मग ती उघडून पाहायची. उतरवून घेणारी सॉफ्टवेअर्स भरपूर आहेत. त्यांची पारख या एकाच कसोटीवर होते.

मुळात ‘वेबपेज’ नावाची एक सलग वस्तू नसतेच. वर्तमानपत्राच्या साइटवरची एखादी बातमी उघडून एफ-१२ दाबा आणि ‘नेटवर्क’चा भाग बघा. मजकुराची फाइल एक, मांडणीच्या फाइली दोन-चार, फॉन्ट, चित्रं, स्क्रिप्टा, जाहिरातींच्या चौकटी, आपल्यावर पाळत ठेवणारे तुकडे. दोनशे-तीनशे शब्दांच्या बातमीसाठी शंभरावर मागण्या जाताना दिसतात, त्याही वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्व्हरांकडे. ब्राउझर हे सगळं गोळा करून पडद्यावर मांडतो. साइट उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही हेच करायचं असतं, पण एका पानासाठी नव्हे तर शेकडो पानांसाठी, आणि तेही अशा रीतीने की ती पानं आपापसांत जोडलेली राहतील.

ही गरज जुनी आहे. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून. पुढची बरीच वर्षं घरोघरी डायल-अप होतं. ५६ केबीपीएसचा मोडेम म्हणजे सगळं सुरळीत असेल तर सेकंदाला ७ किलोबाइट. या हिशेबाने एक मेगाबाइट उतरायला अडीच मिनिटं लागायला हवीत. प्रत्यक्षात चार-पाच लागायची, आणि मध्येच कुणी फोनचा रिसीव्हर उचलला तर पहिल्यापासून. मीटर दोन्हीकडे चालू असायचे, इंटरनेटच्या तासांचा वेगळा आणि टेलिफोनच्या कॉलचा वेगळा. ऑनलाइन राहून निवांत वाचणं ही चैन होती. लोक लाइन जोडायचे, हवं ते भराभर उतरवून घ्यायचे, लाइन तोडायचे आणि मग वाचायला बसायचे.

‘ऑफलाइन ब्राउझर’ हा सॉफ्टवेअरचा प्रकार त्या काळातला. टेलिपोर्ट प्रो, वेबझिप, ऑफलाइन एक्स्प्लोरर ही नावं ज्यांनी नव्वदीच्या शेवटी किंवा त्यानंतर लगेच कॉम्प्युटर घेतला त्यांना आठवतील. १९९९ सालच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये तर ही सोय ब्राउझरच्या पोटातच होती. एखादी साइट फेव्हरिट्समध्ये टाकताना ‘ऑफलाइन उपलब्ध ठेवा’ यावर खूण करायची, किती दुवे खोल जायचं ते सांगायचं, आणि नेट जोडल्यावर ‘सिंक्रोनाइझ’ म्हणायचं. ब्रॉडबँड आलं तशी ही सोय काढून टाकली गेली. नेट कायमच असणार असं गृहीत धरलं गेलं, आणि तिथपासून ‘साइट उतरवून घेणं’ हा जरा विक्षिप्त माणसांचा उद्योग ठरला.

त्या जमान्यातलं जे अजूनही टिकून आहे ते एचटीट्रॅक. फ्रान्सच्या झाव्हिए रोश यांनी ते लिहिलं. १९९८ पासून ते फुकट मिळतं आणि त्याचा सोर्सकोडही खुला आहे. विंडोजवरची त्याची खिडकी अजून विंडोज ९८ च्या थाटाची आहे, पण काम चोख. प्रोजेक्टला नाव द्यायचं, कुठल्या फोल्डरमध्ये उतरवायचं ते सांगायचं, साइटचा पत्ता टाकायचा आणि सुरू करायचं. पुढे पडद्यावर फाइलींची नावं धावत राहतात.

आत काय चालतं ते थोडं जवळून पाहण्यासारखं आहे. समजा एका जुन्या दिवाळी अंकाची साइट आहे. एचटीट्रॅक आधी तिचं मुखपृष्ठ आणतं. त्या फाइलीत जिथे जिथे दुसऱ्या पानाचा, चित्राचा किंवा मांडणीच्या फाइलीचा पत्ता आहे तो टिपून यादीत टाकतं. मग यादीतला पहिला पत्ता, त्यातले दुवे यादीत. दुसरा पत्ता, त्यातले दुवे यादीत. आधी आणलेलं पान पुन्हा दिसलं तर वगळायचं. यादी संपली की काम संपलं. हे रांगेचं गणित कॉलेजातला पोरगाही एका दुपारी लिहील. अवघड काम पुढे आहे, ते म्हणजे दुव्यांचे पत्ते बदलण्याचं. मूळ पानावर कथेचा दुवा सर्व्हरवरच्या एखाद्या पीएचपी फाइलीकडे जातो आणि शेवटी प्रश्नचिन्ह लावून ‘आयडी बरोबर १२’ असं लिहिलेलं असतं. विंडोजमध्ये फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. शिवाय आयडी १२ आणि आयडी १३ या दोन वेगळ्या कथा असल्या तरी फाइलीचं नाव एकच. एचटीट्रॅक मग प्रश्नचिन्हापुढच्या मजकुरावरून चार अक्षरी सांकेतिक शेपूट काढतं, ते नावाला जोडतं, पुढे एचटीएमएल लावतं आणि ज्या ज्या पानावर त्या कथेचा दुवा आहे तिथे तिथे जुना पत्ता खोडून हे नवं नाव लिहितं. हजार पानांची साइट असेल तर हजारो ठिकाणी ही दुरुस्ती होते. ती झाली की फोल्डर उचलून कुठल्याही कॉम्प्युटरवर न्या, दुवे चालतात.

उतरवलेल्या फोल्डरमध्ये ‘एचटीएस-कॅश’ नावाचं एक उपफोल्डर असतं. जागा वाचवायची म्हणून लोक ते उडवतात. ते ठेवावं. महिन्याभराने साइटवर काय नवं आलं तेवढंच आणायचं असेल तर आधी काय आणलं होतं याची नोंद तिथेच असते. ती गेली की सगळं पुन्हा मुळापासून. आणखी एक खूण एचटीट्रॅक मागे ठेवतं. प्रत्येक उतरवलेल्या पानाच्या सोर्समध्ये, पडद्यावर न दिसणारी अशी, एक ओळ घालतं: हे पान अमुक साइटवरून, अमुक तारखेला, एचटीट्रॅकने उतरवलं. दुसऱ्याची साइट जशीच्या तशी उचलून स्वतःच्या नावावर थाटणाऱ्या महाभागांना ही ओळ खोडायचं भान राहत नाही. एखाद्या कंपनीची चकचकीत साइट पाहून शंका आली तर सोर्स उघडून बघावा, करमणूक होते.

एचटीट्रॅक सहसा दिलेल्या साइटच्या बाहेर पाऊल टाकत नाही, आणि ते बरंच आहे, नाहीतर एका दुव्यावरून दुसऱ्या साइटवर जात जात ते अख्खं इंटरनेट उतरवायला निघालं असतं. पण आजकाल बहुतेकांची चित्रं दुसऱ्याच पत्त्यावरच्या सर्व्हरवर असतात. ती राहून जातात. त्यासाठी पर्यायांमधल्या ‘लिंक्स’ या भागात, पानाशी संबंधित पण एचटीएमएल नसलेल्या फाइलीही आणा, अशी एक खूण आहे. ती आधी करून घ्यावी. नको ते वगळायला गाळण्या असतात. अधिक चिन्ह लावून ‘हे घे’, उणे चिन्ह लावून ‘हे सोड’. व्हिडिओ आणि झिप फाइली सोडायला सांगितलं तरी जागा नि वेळ दोन्ही निम्म्याने वाचावेत.

ज्यांना काळ्या खिडकीत कमांड लिहायची भीती नाही त्यांच्यासाठी डब्ल्यूगेट आहे. क्रोएशियाचे ह्रवोये निक्शिच यांनी ते १९९६ च्या सुमारास लिहिलं आणि ते ग्नू प्रकल्पाचा भाग झालं. लिनक्स वापरणाऱ्याकडे ते बहुधा आधीपासून असतंच. फेसबुकच्या जन्मावरच्या ‘द सोशल नेटवर्क’ या २०१० सालच्या चित्रपटात नायक वसतिगृहांच्या साइटवरून विद्यार्थ्यांचे फोटो पळवतो तेव्हा याच डब्ल्यूगेटचं नाव घेतो. कामापुरते चार पर्याय लक्षात ठेवले की झालं: ‘मिरर’ म्हणजे सगळी साइट आण, ‘पेज रिक्विझिट्स’ म्हणजे चित्रं नि मांडणीही आण, ‘कन्व्हर्ट लिंक्स’ म्हणजे दुवे दुरुस्त कर, आणि ‘नो पेरेंट’ म्हणजे दिलेल्या फोल्डरच्या वर चढू नकोस. शेवटचा विसरलात तर एका प्राध्यापकाच्या नोट्स आणायला जाऊन सगळं विद्यापीठ घरी येतं.

या सगळ्या प्रोग्रामांना एक गोष्ट अजिबात कळत नाही, ती म्हणजे थांबायचं कधी. साइटवर कार्यक्रमांची दिनदर्शिका असेल आणि तिच्यावर ‘पुढचा महिना’ असा दुवा असेल तर प्रोग्राम तो दाबत राहतो. २०३०, २०५०, २३००. प्रत्येक महिन्याचं पान रिकामं, पण नवं, म्हणून तेही उतरतं. रात्री लावून झोपलेल्या माणसाला सकाळी हजारो रिकामे महिने मिळतात. लॉगिन करून उतरवायला लावलंत तर दुसरा धोका असतो. ‘लॉगआउट’ हाही प्रोग्रामच्या लेखी एक दुवाच, तो तोही दाबतो आणि पुढची सगळी पानं ‘कृपया लॉगिन करा’ एवढीच येतात. साइट अडाणीपणे बांधलेली असेल आणि ‘डिलीट’ हासुद्धा साधा दुवा असेल, तर काय होईल ते सांगायला नको.

पलीकडच्या सर्व्हरचाही विचार करावा लागतो. हौशी मराठी साइटी बऱ्याचदा स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर चालतात. तिथे महिन्याच्या डेटाला मर्यादा असते, आणि कुणी एका दमात सगळं ओढून नेलं तर साइट महिनाअखेरीपर्यंत बंद पडू शकते. १९९४ मध्ये मार्टाइन कोस्टर यांनी सुचवलेली ‘रोबोट्स’ नावाची एक साधी फाइल साइटच्या दारावर असते. यंत्रांनी कुठे यावं आणि कुठे येऊ नये ते त्यात लिहिलेलं असतं. पाळायचं की नाही ही निव्वळ सभ्यतेची बाब. एचटीट्रॅक आणि डब्ल्यूगेट दोन्ही मुळात ती पाळतात आणि दोन्हींत ती धुडकावण्याची सोयही आहे. मी म्हणेन, धुडकावू नये, आणि दोन मागण्यांमध्ये सेकंद-दोन सेकंदांची विश्रांती द्यावी. गेल्या दोन-तीन वर्षांत एआय कंपन्यांचे रोबोट साइटींवर तुटून पडल्यामुळे या जुन्या सभ्यतेचं मातेरं झालंय. साइटवाले आता ब्राउझर नसलेल्या कुणालाही दारातूनच हाकलतात, आणि आवडत्या लेखकाचे लेख जपणारा वाचकही त्या भरात चोर ठरतो.

आता मराठीचं दुखणं. ते वेगळं आहे आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत ते सापडत नाही.

पत्त्यात देवनागरी असेल तर नेटवर ती जशीच्या तशी जात नाही. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये, देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि पत्त्यात त्यातला प्रत्येक बाइट टक्केचिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहितात. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. ‘तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी’ असं नाव असलेलं पान घ्या. त्यात अठ्ठावीस चिन्हं होतात. अठ्ठावीस नवे दोनशे बावन्न, मधल्या दोन मोकळ्या जागांच्या रेघा, आणि शेवटी टिंबासकट एचटीएमएलची पाच अक्षरं. एकूण २५९. लिनक्सवर फाइलीच्या नावाला मर्यादा २५५ ची. पत्ता जसाच्या तसा नाव म्हणून वापरणारा प्रोग्राम इथे अडखळतो आणि नाव छाटतो किंवा फाइलच सोडून देतो. विंडोजवर तर फोल्डरांसकट सगळा मार्ग साधारण २६० अक्षरांत बसवायची जुनी मर्यादा आहे. डब्ल्यूगेटमध्ये ‘रिस्ट्रिक्ट फाइल नेम्स’ या पर्यायाला ‘नोकंट्रोल’ सांगितलं की नावं खऱ्या देवनागरीत उतरतात आणि लांबी एक तृतीयांशावर येते.

दुसरं, पान कुठल्या साठवणीत आहे हे काही साइटी पानात लिहीतच नाहीत. सर्व्हर पान पाठवताना ते सोबतच्या सूचनेत सांगतो. उतरवलेल्या फाइलीसोबत सर्व्हर येत नाही. ब्राउझर मग अंदाज बांधतो, तो चुकतो, आणि ‘नमस्कार’च्या जागी प्रत्येक चिन्हामागे तीन-तीन परदेशी चिन्हांची माळ दिसते. मजकूर गेलेला नसतो. फाइल नोटपॅडमध्ये उघडून डोक्याशी साठवण यूटीएफ-८ असल्याची एक ओळ घातली की सगळं जागेवर येतं.

तिसरं दुखणं खरं गंभीर. युनिकोड रुळण्याआधी, म्हणजे साधारण २००० च्या आसपास, मराठी वर्तमानपत्रांच्या साइटी आपापल्या फॉन्टमध्ये चालत. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. वाचकाकडे फॉन्ट असेलच असं नाही, म्हणून ‘डायनॅमिक फॉन्ट’ ही युक्ती निघाली: पानासोबत फॉन्टही सर्व्हरवरून येई. इंटरनेट एक्स्प्लोररसाठी मायक्रोसॉफ्टच्या ईओटी पद्धतीचा, नेटस्केपसाठी बिटस्ट्रीमच्या पीएफआर पद्धतीचा. फॉन्ट चोरीला जाऊ नयेत म्हणून ईओटी फाइलीत साइटचा पत्ताच कोरून ठेवायची सोय होती. त्या पत्त्याखेरीज दुसरीकडे तो फॉन्ट उघडायचा नाही. परिणाम असा की एखाद्याने तो अंक निगुतीने उतरवला, फॉन्टची फाइलही सोबत आणली, तरी स्वतःच्या हार्ड डिस्कवरून उघडताना ब्राउझर फॉन्ट नाकारायचा आणि पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हांची खिचडी यायची. उपाय एकच होता. साइटवरून तोच फॉन्ट वेगळा घेऊन विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाकायचा. बऱ्याच साइटींवर ‘फॉन्ट डाउनलोड करा’ असा दुवा असायचा तो यासाठी.

जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर मोडीत काढला. ईओटी वाचणारा दुसरा ब्राउझर नव्हताच. त्या काळातली मराठी पानं आज इंटरनेट आर्काइव्हमध्ये सापडतात, पण बहुतेक त्या खिचडीच्या रूपात. फाइल पूर्ण आहे, एक अक्षर हरवलेलं नाही, आणि वाचता येत नाही. असल्या पानांसाठी त्या फॉन्टचं नाव शोधून (ते सोर्समध्ये लिहिलेलं असतं) तो कुठून तरी मिळवणं किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारं परिवर्तक वापरणं एवढाच मार्ग आहे. फायरफॉक्ससाठी ‘पद्म’ नावाचं एक एक्स्टेन्शन हे काम जागच्या जागी करत असे. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सने जुन्या बनावटीची सगळी एक्स्टेन्शनं बंद केली. पानं एका फाइलीत बांधून देणारं मॅफ आणि कात्रणवहीसारखं वापरता येणारं स्क्रॅपबुक, अशी जतन करण्याचीच आवडती एक्स्टेन्शनंही त्याच फटक्यात गेली. मॅफमध्ये वर्षानुवर्षं कात्रणं साठवलेल्यांचं एकच नशीब की ती मुळात झिप फाइल होती, उलगडता यायची.

म्हणून जतन करण्याचा साचा निवडताना तो साधा आणि सार्वत्रिक असावा. एका पानापुरतं बोलायचं तर आज सगळ्यात भरवशाचं साधन सिंगलफाइल हे एक्स्टेन्शन. क्रोम, फायरफॉक्स दोन्हींवर चालतं, फुकट आहे. पान जसं डोळ्यांसमोर आहे तसं, चित्रं आणि फॉन्ट मजकुरातच अक्षररूपाने गुंफून, एकच साधी एचटीएमएल फाइल देतं. चित्रांचा आकार यात एक तृतीयांशाने वाढतो, पण फोल्डरची भानगड संपते आणि ती फाइल उघडायला सिंगलफाइल लागत नाही. कुठलाही ब्राउझर चालतो. क्रोमचं स्वतःचं ‘एक फाइल’ रूप, एमएचटीएमएल, हे १९९९ पासूनचं आणि प्रमाणित असलं तरी फायरफॉक्स ते उघडत नाही. पीडीएफ छापायला ठीक. दुवे, व्हिडिओ, रुंद तक्ते त्यात मार खातात.

सिंगलफाइल ब्राउझरच्या आत बसून काम करतं याला कारण आहे. एचटीट्रॅकच्या वेळी साइट म्हणजे सर्व्हरवर मांडून ठेवलेल्या फाइली होत्या. आताच्या बऱ्याच साइटींवर सर्व्हर फक्त रिकामी चौकट आणि एक भलीमोठी स्क्रिप्ट पाठवतो. मजकूर ती स्क्रिप्ट मागाहून आणते, आणि खाली सरकाल तसा आणखी आणते. एचटीट्रॅकला स्क्रिप्ट चालवता येत नाही. त्याच्या हाती चौकट लागते आणि ते खुशाल ‘काम पूर्ण’ म्हणून सांगतं. अशा साइटींसाठी खरा ब्राउझरच चालवावा लागतो आणि त्याच्या नि सर्व्हरच्या मधलं सगळं बोलणं टिपून घ्यावं लागतं. इल्या क्रायमर यांच्या वेबरेकॉर्डर प्रकल्पातली साधनं हेच करतात. आर्काइव्हवेबपेज हे एक्स्टेन्शन सुरू करून तुम्ही साइटवर फिरायचं. जे जे उघडाल, सरकवाल, दाबाल ते नोंदलं जातं. नोंद होते वॉर्क या साच्यात. यात प्रत्येक मागणी आणि प्रत्येक उत्तर, सर्व्हरने सोबत पाठवलेल्या सूचनांसकट, जसंच्या तसं राहतं. वर सांगितलेला यूटीएफ-८ चा घोळ इथे होत नाही. २००९ पासून वॉर्क हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, ग्रंथालयं तेच वापरतात, आणि डब्ल्यूगेटलाही २०१२ पासून ते लिहिता येतं. उघडायला मात्र वेगळा वाचक लागतो, रिप्लेवेबपेज नावाचा. ज्या कामाला पुरावा म्हणून किंमत आहे, त्याला वॉर्क. घरच्या वाचनाला ते जडच पडतं.

या साधनांचं काम पाहायचं तर युक्रेनकडे पाहावं. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने हल्ला केला. १ मार्चला सुचो या नावाने एक स्वयंसेवी खटपट सुरू झाली: युक्रेनच्या संग्रहालयांच्या, ग्रंथालयांच्या, अभिलेखागारांच्या साइटी, ते सर्व्हर बॉम्बखाली जाण्याआधी किंवा वीज जाऊन बंद पडण्याआधी, उतरवून घ्यायच्या. पुढाकार घेणारे तिघे अमेरिकेत आणि युरोपात होते, एकमेकांशी बोलायचे ते नेटवरूनच. पंधराशेच्या वर माणसं सामील झाली. कुणी पत्ते गोळा करायचं, कुणी वेबरेकॉर्डरच्याच कुळातलं ब्राउझरट्रिक्स चालवायचं, कुणी उतरलेलं उघडून तपासायचं. खारकीव्हच्या सरकारी अभिलेखागाराची शंभर गिगाबाइटच्या वरची साइट उतरवून झाली आणि त्यानंतर थोड्याच वेळात मूळ साइट नाहीशी झाली. शेवटी पाच हजारांवर साइटी आणि पन्नास टेराबाइटच्या वर माल हाती लागला. तपासणाऱ्यांचा वेगळा गट असणं मला यात सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

साइटी नाहीशा व्हायला युद्धाचीच गरज नसते. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. त्याआधी २६ ऑक्टोबर २००९ रोजी याहूने जिओसिटीज बंद केलं, नव्वदीतल्या लोकांची घरगुती पानं जिथे होती ते. आर्काइव्ह टीम नावाच्या हौशी मंडळींनी रात्रंदिवस उतरवून त्यातलं बरंचसं वाचवलं. प्यू रिसर्च सेंटरने मे २०२४ मध्ये तपासणी प्रसिद्ध केली, तिच्यात २०१३ साली असलेल्या वेबपेजांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. ‘नंतर वाचू’ म्हणून दुवे साठवण्याचं पॉकेट हे लोकप्रिय साधन जुलै २०२५ मध्ये खुद्द मोझिलाने गुंडाळलं.

यावर लोक म्हणतात, इंटरनेट आर्काइव्ह आहे की. आहेच. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलं आणि २००१ पासून त्याचं वेबॅक मशीन सगळ्यांना खुलं आहे. कुठल्याही पानाचा पत्ता देऊन ‘हे साठव’ असं त्याला सांगता येतं, आणि सांगावंच; आपली प्रत हरवली तरी ती तिथे राहते. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे ते काही दिवस बंद होतं. ऑगस्ट २०१७ मध्ये हिंदी चित्रपटांच्या चोरट्या प्रतींवरून मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशात भारतात अख्खी साइटच अडवली गेली होती. लॉगिनच्या आड असलेलं तिथे मुळात जातच नाही.

कायद्याचं थोडक्यात. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी, अभ्यासासाठी केलेल्या रास्त वापराला सूट आहे. उतरवलेली साइट पुन्हा नेटवर चढवणं किंवा सीडी करून विकणं त्यात बसत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ मालकाच्या परवानगीवाचून माहिती डाउनलोड करणाऱ्याला नुकसानभरपाईच्या कक्षेत आणू शकतं. पैसे भरून घेतलेल्या नियतकालिकाचं सगळं दफ्तर एका रात्रीत ओढायचा मोह झाला तर एवढं आठवावं.

ज्यांना हा उपद्व्याप नको आणि फक्त ऑफलाइन वाचायला हवं, त्यांच्यासाठी आयतं जेवण आहे. किविक्स हे फुकट अ‍ॅप २००७ पासून आहे, मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर दोन्हीकडे चालतं. विकिपीडियासारख्या साइटी झिम नावाच्या एकाच आवळलेल्या फाइलीत बांधून ते देतं, शोधसूचीसकट. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसह घेतला तर १०० जीबीच्या पुढे जातो. मराठी विकिपीडिया त्या मानाने लहानखुरा, मोबाइलच्या मेमरी कार्डात सहज मावतो. बिनचित्रांची आणि फक्त प्रस्तावनांची अशी आणखी बारीक रूपंही मिळतात. रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर किविक्स टाकलं तर तो वायफाय सोडतो आणि शाळेच्या एका वर्गातल्या मुलांना आपापल्या मोबाइलवर, इंटरनेट नसताना, विकिपीडिया उघडता येतो. आपल्या आवडीच्या साइटची झिम फाइल करून देणारं झिमिट हे साधनही याच मंडळींचं आहे, आणि त्याच्या पोटात पुन्हा तेच ब्राउझरट्रिक्स. एक अडचण राहते. नवी आवृत्ती आली की बदललेलं तेवढंच उतरत नाही, अख्खी फाइल नव्याने घ्यावी लागते. तेव्हा नवी फाइल उतरली, वायफाय बंद केलं, चार-दोन पानं उघडून पाहिली, शोध चालतोय याची खात्री झाली, की मगच जुनी पुसावी.